पार्लरमध्ये केस रंगवायच्या आधी तुमची पॅच टेस्ट कुणी केली आहे का?

अबोली_पुणे

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे आरशासमोर उभं राहायची हिंमत होत नव्हती. आता चेहरा बराचसा पूर्ववत झालाय, म्हणून लिहायला बसले.

नणंदेच्या मुलीचं लग्न होतं नाशिकला. शनिवारी हळद, रविवारी लग्न. मी गुरुवारी संध्याकाळी पार्लरमध्ये जाऊन केस रंगवून घेतले. एरवी घरीच मुळांना कलप लावते, पण घरचं लग्न, म्हटलं या वेळी नीट करून घेऊ. पार्लर स्वच्छ, मुलगी हसतमुख. तिने शेड कार्ड दाखवलं, अमोनिया नाही म्हणून सांगितलं, चहा विचारला. यापूर्वी रंगाचा कधी त्रास झालाय का, हे मात्र विचारलं नाही, आणि दोन दिवस आधी कानामागे थोडा रंग लावून बघतात ती पॅच टेस्टही केली नाही. लावून वीसेक मिनिटं झाली आणि मानेवर, कानांच्या वर खाज सुटली. सांगितलं तर म्हणाली, "मॅम, थोडं होतंच, पाच मिनिटांत धुऊ." धुतल्यावर बरं वाटलं. केस सुंदर दिसत होते आणि मी खूश होऊन घरी आले.

शुक्रवारी दुपारपर्यंत काहीच नाही. संध्याकाळी नाशिक गाठेपर्यंत टाळू तापल्यासारखी झाली, कानांच्या पाळ्या लालभडक. शनिवारी पहाटे जाग आली तर डोळे उघडेनात. पापण्या टम्म फुगलेल्या, कपाळावर केसांच्या रेषेला पाण्याचे बारीक फोड, त्यांतली लस वाळून उशीचा अभ्रा केसांना चिकटलेला. हळदीऐवजी दवाखाना. इंजेक्शन, गोळ्या, अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. मंगलाष्टकं मी वरच्या खोलीतून ऐकली. अक्षता पडल्यावर पोरगी शालूसकट जिना चढून मला भेटायला आली, तेव्हा मात्र रडू आवरलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी खाज यायची का? तेव्हा आठवलं. वर्षभर, घरी कलप लावल्यावर दोन दिवसांनी कानामागे खाज यायची. मी कोंडा समजून खोबरेल चोळत होते. दोन दिवसांचं अंतर असल्यामुळे कलपाशी संबंध जोडावा हे डोक्यातच आलं नाही.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्यापैकी कुणाला पार्लरमध्ये स्वतःहून पॅच टेस्टबद्दल विचारलं गेलंय का? आणि मी आता या पांढऱ्या केसांचं काय करू?

निशिगंध

बाप रे, वाचतानाच डोळे चुरचुरले. काळजी घे गं. मी पंधरा वर्षांत ठाण्यात चार पार्लर बदलली, एकानेही विचारलेलं नाही.

मुठेकाठचा

मला नाही विचारलं कधी. पण खरं सांगू का, मी वीस वर्षं कलप लावतोय, काहीही झालेलं नाही. कुठल्याही गोष्टीची अॅलर्जी कुणाला तरी असतेच. कुणाला शेंगदाण्याची असते म्हणून आपण चिवडा सोडतो का? एकाला त्रास झाला म्हणून सगळ्यांनी ४८ तास आधी पार्लरला खेप घालायची हे मला पटत नाही.

शतावरी

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, छत्रपती संभाजीनगरला प्रॅक्टिस करते. अबोलीताई, तुमचं वर्णन अगदी नेहमीचं आहे, आणि म्हणूनच वाईट वाटतं.

गडद रंगाच्या बहुतेक टिकाऊ डायमध्ये पॅरा-फेनिलीनडायअमीन असतं, थोडक्यात पीपीडी. ही अॅलर्जी शेंगदाण्यासारखी नसते. शेंगदाण्याची काही मिनिटांत अंगावर येते. पीपीडीची उशिरा येते, कारण तिच्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी काम करतात आणि त्यांना जमायला वेळ लागतो. साधारण २४ ते ७२ तास. म्हणून पार्लरमधून निघताना सगळं छान असतं आणि परवा सकाळी डोळे मिटलेले असतात. टाळूची कातडी जाड, पापणीची अतिशय पातळ आणि सैल. त्यामुळे रंग लागतो डोक्याला आणि सूज उतरते डोळ्यांवर. अनेक जण आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातात ते यामुळेच.

मुठेकाठच्या दादांना सांगते, वीस वर्षं काही झालं नाही ही एकविसाव्या वर्षाची हमी नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत वर्षानुवर्षं तोच ब्रँड, तीच शेड वापरणारे भरपूर असतात. शरीराला एखाद्या वेळी त्या रसायनाची ओळख पटते, ती स्मृती राहते, आणि पुढच्या प्रत्येक वेळी प्रतिक्रिया बहुधा जास्त जोराची येते. "आधी टेस्ट केली होती, ठीक होती" हे म्हणून पुरत नाही. दर वेळी करायची असते.

अबोलीताई, एक विचारू? कधी हातावर काळी मेंदी किंवा तो तात्पुरता काळा टॅटू काढला होता का?

अबोली_पुणे

डॉक्टर, तुम्ही कसं ओळखलंत? कॉलेजची ट्रिप गोव्याला गेली होती तेव्हा कळंगुटच्या किनाऱ्यावर दंडावर विंचू काढून घेतला होता. आठवड्याने तिथली कातडी विंचवाच्या आकारात वर आली होती. आईने तूप लावलं, बरं झालं, विसरूनही गेले.

शतावरी

तिथेच सुरुवात झाली असावी. खरी मेंदी काळी नसते. तो काळा रंग लवकर आणि गडद यावा म्हणून पीपीडी मिसळतात, आणि तेही डायपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात, थेट कातडीवर. युरोपात डायमध्ये मिसळल्यानंतर पीपीडी २ टक्क्यांच्या वर चालत नाही आणि ते फक्त केसांसाठीच वापरता येतं. तिथल्या डायच्या खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की काळ्या मेंदीच्या टॅटूमुळे अॅलर्जीचा धोका वाढतो आणि १६ वर्षांखालच्यांसाठी हा रंग नाही. आपल्याकडे लग्नाकार्यात लहान मुलींच्या हातावरही काळ्या मेंदीचा कोन फिरवतात. कृपया नका करू.

प्रयोगवही

रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं यातलं सांगतो. टिकाऊ रंगाच्या दोन ट्यूब किंवा एक ट्यूब आणि एक बाटली असते. एकात पीपीडीसारखं मूळ द्रव्य आणि रिसॉर्सिनॉलसारखे जोडीदार, दुसऱ्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, ज्याला पार्लरवाले डेव्हलपर म्हणतात. पीपीडीचा रेणू एवढा छोटा की केसाच्या आत सहज शिरतो. आत पेरॉक्साइडने त्याचं ऑक्सिडीकरण होतं, तो जोडीदारांना धरतो, मोठा रंगीत रेणू तयार होतो आणि बाहेर पडता येत नाही म्हणून तिथेच राहतो. शॅम्पूने रंग जात नाही तो यामुळे.

पण जो छोटा रेणू केसात शिरतो तो कातडीतही शिरतो. अर्धवट ऑक्सिडीकरण झालेला असताना तो तिथल्या प्रथिनांना चिकटतो आणि शरीराला ते परकं वाटतं.

आता अमोनियाचं. अमोनिया केसाचे खवले उघडायला असतो. "अमोनिया-फ्री" रंगात त्याच्या जागी बहुतेकदा मोनोइथेनॉलअमीन असतं. वास कमी येतो, डोळे कमी झोंबतात, एवढंच. पीपीडी असण्यानसण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. अबोलीताईंच्या पार्लरमधल्या मुलीला हे कुणी शिकवलंच नसणार.

भाऊसाहेब_लातूर

प्रयोगवही सर, फार सोपं करून सांगितलंत. माझी गोष्ट वेगळी आहे. मला खाज नाही, सूज नाही. मिशांना आणि कानशिलांना दहा वर्षं पुडीतली काळी मेंदी लावली. हळूहळू कपाळ, कानशिलं आणि गालाच्या कडा काळवंडत गेल्या. मला वाटलं शेतातलं ऊन. टोपी घालून पाहिली, मुलतानी माती लावून पाहिली. शेवटी लातूरच्या एका त्वचेच्या डॉक्टरांनी पुडी आणायला सांगितली आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं भिंगाने वाचून दाखवली. "हर्बल" मोठ्या अक्षरात पुढे, पीपीडी मुंगीएवढ्या अक्षरात मागे. बंद करून दीड वर्ष झालं. डाग फिके झाले, पूर्ण गेले नाहीत.

शतावरी

भाऊसाहेब, हे तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगाचं आहे. आपल्या वर्णाच्या कातडीत संपर्काची अॅलर्जी कधी कधी खाज न येता फक्त काळेपणा म्हणून दिसते, आणि लोक वर्षानुवर्षं उन्हाला दोष देतात. उलटही होतं, काहींना डाय लागलेल्या जागी पांढरे डाग पडतात. टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा ठिपका पडतो तो तुम्ही पाहिला असेल, तोही असाच रसायनामुळे.

निशिगंध

माझ्या सासूबाईंना तो टिकलीचा डाग आहे! कोड म्हणून केवढ्या घाबरल्या होत्या. आता कोरडं हळदकुंकूच लावतात.

बकुळ

विषय निघालाच आहे तर माझ्या आजीची पद्धत. शुद्ध मेंदीची पूड, चहाचं पाणी, आवळा, थोडा काथ, लोखंडी कढईत रात्रभर. सकाळी लावायची, दोन तास ठेवायची. केस तांबूस होतात. काळे हवे असतील तर मेंदी धुतल्यावर नीळ, म्हणजे इंडिगोच्या पाल्याची पूड, कोमट पाण्यात कालवून लगेच लावायची. आधी हिरवट दिसतं, घाबरायचं नाही, दुसऱ्या दिवशी गडद होतं. वेळ भरपूर लागतो आणि अंघोळीची फरशी रंगते हे कबूल.

पुडी शुद्ध आहे का ते तळहातावर चिमूटभर ओली करून बघा. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी येतो आणि सावकाश येतो. अर्ध्या तासात काळं पडलं तर ती मेंदी नव्हे.

प्रयोगवही

बकुळताई, एक पुस्ती जोडतो. काही तयार मेंदी पुड्यांमध्ये धातूंचे क्षार असतात. तशी मेंदी लावलेल्या केसांवर पार्लरमध्ये पेरॉक्साइड लावलं तर केस अक्षरशः तापतात. पार्लरमध्ये जाताना "मी मेंदी लावते" हे सांगायलाच हवं.

कंगवा_कोल्हापूर

हा धागा दोन दिवस वाचतोय, आता राहवत नाही. माझं कोल्हापुरात सलून आहे, वडिलांपासूनचं. वरती लिहिणाऱ्यांनी जरा खुर्चीच्या मागे उभं राहून बघावं. गिऱ्हाईक येतं तेच मुळी "तासाभरात करून द्या, संध्याकाळी फंक्शन आहे" म्हणत. मी म्हटलं परवा या, आधी कानामागे थेंब लावतो, तर ते शेजारच्या दुकानात जातं. शेजारी काही विचारत नाही. मग टेस्ट करणाऱ्याने उपाशी मरायचं काय? आणि पेटीवर सूचना असते, ती गिऱ्हाइकानं पण वाचावी.

आणि त्रास फक्त गिऱ्हाइकालाच होतो असं समजू नका. माझ्या उजव्या हाताची बोटं सहा वर्षं फाटलेली आहेत. हिवाळ्यात कात्री धरवत नाही.

अबोली_पुणे

दादा, तुमच्यावर राग नाही हो. पण मला गुरुवारी कुणी म्हटलं असतं की "मॅम, टेस्ट न करता मी लावणार नाही", तर मी चिडले असते हे खरं, आणि लग्नात पुढच्या रांगेत बसले असते हेही खरं. मला खाज येतेय म्हटल्यावर तिने तत्क्षणी धुवायला हवं होतं. तेवढं तरी प्रत्येकाने करावं.

स्लाव्हची_सून

स्लावमध्ये राहते, लंडनच्या पश्चिमेला. इथे पहिल्यांदा रूट टचअपला गेले तर रंग लावायलाच नकार. रिसेप्शनवरच्या बाईने कानामागे बोटाच्या पेराएवढा रंग लावला, कार्डवर तारीख लिहिली, सही घेतली आणि म्हणाली ४८ तासांनंतरची वेळ घ्या. मी तेव्हा खूप वैतागले होते, एक बस आणि दीड तास वाया गेला म्हणून. नंतर कळलं की टेस्टची नोंद नसेल आणि काही झालं, तर सलूनचा विमा त्यांच्या बाजूने उभा राहत नाही. म्हणून सगळेच करतात, शेजारचाही करतो. कोल्हापूरच्या दादांचा मुद्दा मला तिथेच पटतो. एकट्याने करणं अवघड, सगळ्यांनी केलं तर कुणाचंच गिऱ्हाईक पळत नाही.

मुठेकाठचा

मी घरातलं खोकं काढून वाचलं. आतल्या पत्रकात खरंच सगळी रीत दिली आहे. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावा, २४ तासांनी धुवा, दर वेळी करा. बाहेर इंग्रजीत आणि खाली देवनागरीत छापलंय की भुवयांना आणि पापण्यांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो. वीस वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं. आणि भुवयांना तर मी दर महिन्याला लावतो.

शतावरी

दादा, भुवयांचं आजपासून बंद. ती सूचना आपल्याकडे पीपीडीच्या डायवर कायद्यानेच छापावी लागते, शोभेला नसते.

२४ की ४८ तास, हे विचारणार त्याआधी सांगते. पत्रकात २४ असलं तरी ४८ थांबा, कारण उशिरा उमटणारी लाली २४ तासांत दिसेलच असं नाही. जो रंग लावणार तोच, ज्या प्रमाणात डेव्हलपर मिसळणार त्याच प्रमाणात (पत्रकात वेगळं सांगितलं असेल तर तसं), थोडासा लावा. पट्टी चिकटवून झाकू नका. लाल झालं, खाज आली, पुरळ उठलं, तर रंग फेकून द्या.

ज्यांना एकदा सूज येऊन गेली आहे, त्यांनी मात्र घरी ही टेस्ट करूच नये. त्यांनी आमच्याकडे यायचं. आम्ही करतो ती पॅच टेस्ट निराळी: पाठीवर छोट्या खणांच्या पट्ट्या, व्हॅसलीनमध्ये १ टक्का पीपीडी आणि शेजारी इतर संशयित द्रव्यं, दोन दिवस तशाच, मग काढून वाचायचं आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी वाचायचं. १८९५ मध्ये याडासोन नावाच्या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली आणि आजही तिला पर्याय नाही. रक्ताच्या महागड्या "अॅलर्जी पॅनल"मध्ये ही अॅलर्जी कळत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

आणि ब्लीचबद्दल एक. ब्लीच लावताना लगेच आग होते आणि भाजतं, ती बऱ्याचदा अॅलर्जी नसून रसायनाची इजा असते. ती कानामागच्या थेंबाने आधी कळेलच असं नाही. आग झाली की वेळ पूर्ण व्हायची वाट न बघता धुवायचं. श्वास लागला, घसा आवळला, जीभ सुजली तर थेट १०८.

निशिगंध

घरात एक स्टिरॉइडचं मलम पडलेलं असतं, ते लावलं तर चालेल का सूज आल्यावर?

शतावरी

नाही. चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ तर अजिबात नाही. भरपूर पाणी आणि सौम्य शॅम्पूने रंग धुवा, खाजवू नका, फोटो काढून ठेवा, डायचं खोकं घेऊन डॉक्टरकडे जा. खोकं फार महत्त्वाचं. पार्लरमध्ये लावला असेल तर तिथून नाव लिहून घ्या.

बकुळ

माझ्या मुलीला आठवीतच पांढरे केस दिसायला लागलेत, शाळेत चिडवतात. ती डाय मागतेय. वरचं १६ वर्षांचं वाचून आता तिला सांगायला काहीतरी सापडलं. मेंदीसुद्धा आधी तिच्या कोपराला लावून बघेन.

अबोली_पुणे

बऱ्याच दिवसांनी परत येतेय. गोळ्या बंद होऊन महिना उलटल्यावर डॉक्टरांनी पाठीवरची पॅच टेस्ट केली. मे महिन्याच्या पुण्यात दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, जड उचलायचं नाही. पंख्याखाली पालथी पडून होते. पीपीडीच्या खणाखाली कातडी जाड, लाल, बारीक फोड. उरलेले बहुतेक खण कोरे, फक्त आणखी एक लाल, बेंझोकेनचा. म्हणजे काही बधिर करणारी मलमं आणि घशाच्या गोळ्याही मला वर्ज्य. दाताच्या डॉक्टरांना सांगायचं म्हणून एक कार्ड करून दिलंय, ते पर्समध्ये आहे. गडद रंगाचे कपडे नवे असताना आधी धुऊन मगच घाला असंही सांगितलंय.

पीपीडी नसलेले रंग मिळतात असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, त्यांत बऱ्याचदा टोल्युइन-डायअमीन असतं, ते पीपीडीचं सख्खं भावंड, आणि माझ्यासारख्या अनेकांना त्यानेही तसंच होतं. पीपीडीत थोडा बदल करून केलेलं नवीन रसायनही बऱ्याच जणांना चालतं, सगळ्यांना नाही. तपासल्याशिवाय नको.

मी बकुळची मेंदी कोपरावर लावून बघितली. दोन दिवस थांबले. काही झालं नाही. आता समोरची बट तांबूस आहे आणि बाकी करडी. नणंदेची मुलगी म्हणाली, मामी, तू पहिल्यापेक्षा छान दिसतेस. मला ते खरं वाटलं.

कंगवा_कोल्हापूर

ताई, तुमची वाट बघत होतो. मी एक सुरू केलंय. फोनवर कलरची वेळ मागितली की सांगतो, दोन दिवस आधी जाता-येता फक्त दोन मिनिटं थांबा, पैसे नाहीत. वही केली आहे, नाव, तारीख, कुठला रंग, कुठल्या कानामागे. सगळे येत नाहीत. तासाभरात करून द्या म्हणणाऱ्या तिघा-चौघांना मी नाही म्हटलं, ते गेले. पण मागच्या आठवड्यात माझ्याकडे सहा वर्षं येणाऱ्या एक बाई दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात उभ्या. कानामागे रुपयाएवढा लाल चट्टा. घाबरल्या होत्या. मी पण घाबरलो. तेव्हा त्यांना म्हटलं, हे डोक्यावर असतं तर काय झालं असतं बघा.

त्यांना त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवलंय. मी पण गेलो होतो, हाताचं दाखवायला. आता नायट्राइलचे हातमोजे वापरतो, एका गिऱ्हाइकाला एक जोडी, उलटे करून परत घालत नाही. बोटं मिटायला लागलीत.

डॉक्टर मॅडम, वहीत त्या बाईंच्या नावापुढे नेमकं काय लिहू? पोरांना कळेल असं पाहिजे.

शतावरी

लाल पेनाने लिहा: "पीपीडी, टोल्युइन-डायअमीन, काळी मेंदी: लावायचं नाही. डॉक्टरचा कागद बघितल्याशिवाय कुठलाच डाय नाही." आणि त्या बाईंच्या हातातही तेच लिहून द्या, त्या उद्या दुसऱ्या दुकानात गेल्या तर तिथल्या पोरालाही कळायला हवं.

कंगवा_कोल्हापूर

लिहिलं. कार्ड छापायला टाकतो.